खासदारांनी दिल्लीत विषय मांडला, मग कल्याणचा खड्डा का बुजला नाही?

आरोग्य आणि रस्ते हे ठाणे-कल्याणच्या खासदारांचे संसदेतील नेहमीचे विषय. पण लोकसभेतील प्रश्नाचा हात शीळफाट्यापर्यंत पोहोचतो का?

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ठरावीक चित्रफिती फिरू लागतात. खासदार उभे आहेत, समोर माइक, मागे दोन-चार सहकारी आणि खाली पट्टी: ‘अमुक प्रश्नी संसदेत आवाज उठवला’. दीड-दोन मिनिटांची ही चित्रफीत पाहणारा बहुधा शीळफाट्याच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अडकलेला असतो, नाहीतर कळव्याच्या रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभा असतो. त्याच्या मनातला प्रश्न साधा असतो. आवाज उठवला हे ठीक. पुढे काय झाले?

हा प्रश्न कुचेष्टेचा नाही. कल्याणचे खासदार डॉ. श्रीकांत शिंदे हे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत आणि २०१४, २०१९ व २०२४ अशा तीन निवडणुका जिंकून लोकसभेत बसले आहेत. ठाण्याचे नरेश म्हस्के २०२४ मध्ये प्रथमच लोकसभेत गेले, पण त्याआधी ते ठाण्याचे महापौर होते. एकाला हाडे जोडण्याचे शिक्षण, दुसऱ्याला गटार-रस्त्यांच्या फायलींचा अनुभव. दोघेही एकाच पक्षाचे, म्हणजे शिवसेनेच्या शिंदे गटाचे. हे दोघे सभागृहात बोलत नाहीत, अशी तक्रार करता येणार नाही. अडचण दुसरीच आहे. त्यांच्या बोलण्याचे मोजमाप आपण ज्या पट्टीने करतो, ती पट्टीच चुकीची आहे आणि लोकप्रतिनिधींनाही ती सोयीची आहे.

‘संसदेत मांडले’ म्हणजे नेमके काय केले?

यात निदान चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि चित्रफितीत त्या सगळ्या सारख्याच दिसतात.

शून्य प्रहरात सदस्य दोन-तीन मिनिटांत तातडीचा विषय मांडतो. वातावरणनिर्मितीला हा प्रकार उत्तम, कारण थेट प्रक्षेपण असते आणि विषय ताजा असतो. पण मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावे, असे बंधन नाही. नियम ३७७ खाली मांडलेला विषय अडीचशे शब्दांच्या आत लिहून द्यावा लागतो. त्याचे उत्तर मंत्रालयाकडून पत्राने, साधारण महिनाभरात येणे अपेक्षित असते. हे पत्र मतदारांपर्यंत क्वचितच पोहोचते. विषय मांडल्याची चित्रफीत येते, उत्तराचे पत्र येत नाही.

प्रश्नोत्तरांचा तास हे खरे हत्यार. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताला मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि सदस्याला उपप्रश्न विचारता येतो. पण तासाभरात विसातले मोजकेच पुकारले जातात आणि आपला प्रश्न वर येणे हा सोडतीचा भाग. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. ते रुक्ष असते, कोणी त्याची चित्रफीत करत नाही, पण त्यात आकडे असतात आणि त्याखाली मंत्र्याची जबाबदारी असते. सभागृहाला चुकीची माहिती दिली तर मंत्र्याला ती दुरुस्त करावी लागते. आपल्या भागातील रुग्णालयाचे किंवा महामार्गाचे काम कुठे अडले आहे, हे कळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे ही कंटाळवाणी लेखी उत्तरे.

याशिवाय खासगी विधेयक असते. शुक्रवारच्या दुपारी सदस्य आपले विधेयक मांडतात, त्याची बातमीही होते. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयके कायदा झाली आणि त्यातले शेवटचे १९७० मध्ये. म्हणजे खासगी विधेयक हे मत मांडण्याचे साधन आहे. त्यातून रस्ता वा रुग्णालय निघेल अशी आशा कोणी धरू नये.

राहिली अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चा. खात्याला पैसे देताना सभागृहाने त्या खात्याची झाडाझडती घ्यायची, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात दरवर्षी मोजक्या मंत्रालयांवर चर्चा होते आणि बाकीच्या मागण्या ‘गिलोटिन’ लावून एका झटक्यात मंजूर होतात. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तर गोंधळामुळे लोकसभेने सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. त्या वर्षी आरोग्य मंत्रालयाच्या पैशांवर ना डॉक्टर खासदार बोलू शकले, ना इतर कोणी.

‘हा राज्याचा विषय’ असे उत्तर का येते?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची लेखी उत्तरे वाचणाऱ्याला एक वाक्य तोंडपाठ होते: सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. हे वाक्य टाळाटाळीचे वाटते, पण त्याला घटनेचा आधार आहे. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये आहेत. रस्त्यांचेही तसेच. संसदेने कायद्याने राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर केलेले रस्ते तेवढे केंद्राचे; उरलेले सगळे राज्याचे आणि त्याच्या खालच्या संस्थांचे. रस्ते वाहतूक मंत्रालयाचे ठरलेले वाक्य म्हणूनच असे असते की, हे मंत्रालय प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी जबाबदार आहे.

लोकसभेच्या नियमांनुसार जो विषय मुळात केंद्र सरकारच्या अखत्यारीतला नाही, त्यावरचा प्रश्न स्वीकारला जात नाही. मग खासदार काय करतात? प्रश्न मोठा करतात. डोंबिवलीच्या रस्त्याऐवजी ‘शहरी भागातील रस्त्यांची स्थिती’, कळव्याच्या रुग्णालयाऐवजी ‘सार्वजनिक रुग्णालयांतील मनुष्यबळ’. उत्तरात मग राज्यनिहाय तक्ता येतो. महाराष्ट्राची एक ओळ. त्या ओळीत ठाणे जिल्हा शोधून सापडत नाही.

तरीही केंद्राचा पैसा खाली येण्याच्या काही वाटा आहेत आणि जाणता खासदार त्याच वाटांवर उभा राहतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि महाराष्ट्राचा ४० टक्के. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यांनाही केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीतून पैसे मिळू शकतात. त्यासाठी राज्याने कामांचा प्रस्ताव पाठवावा लागतो आणि खासदारांच्या पत्राला तिथे वजन असते. तेव्हा ‘ठाण्यातील आरोग्यसेवा सुधारण्यासाठी सरकार काय करणार आहे’ हा प्रश्न विचारला तर उत्तरात योजनांची जंत्री येते. ‘आरोग्य अभियानातून ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर महापालिकांसाठी किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली आणि मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत’ असा विचारला तर लपायला जागा कमी राहते. दोन्ही प्रश्न गुणपत्रिकेत सारखेच मोजले जातात.

कामगार विम्याची गोष्ट तर आणखी सरळ आहे. अंबरनाथ, डोंबिवली, वागळे इस्टेट, ऐरोलीचा औद्योगिक पट्टा इथल्या २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम दरमहा कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जाते. हे महामंडळ केंद्राच्या कामगार मंत्रालयाखाली येते. ठाणे आणि उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयांबद्दल विचारले तर ‘राज्याचा विषय’ म्हणून हात झटकणे मंत्र्याला जड जाते; रुग्णालय चालवणारी सोसायटी राज्याची असली तरी पैसा आणि धोरण दिल्लीचे. आरोग्याच्या विषयात ठाणे-कल्याणच्या खासदारांना सर्वांत जास्त धार येऊ शकते ती इथे. आणि याच विषयाची चित्रफीत सर्वांत कमी पाहिली जाते, कारण तो आरोग्य मंत्रालयाचा नसून कामगार मंत्रालयाचा असतो आणि ऐकायला कोरडा वाटतो.

रस्ता कोणाचा, हेच कळत नाही

ठाणे जिल्ह्यात रस्त्याच्या मालकीवर एखादा अभ्यासक्रम निघू शकेल. माजिवड्याहून नाशिककडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग. पण माजिवडा ते वडपे या टप्प्याच्या आठपदरीकरणाचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे, म्हणजे एमएसआरडीसीकडे. त्याच माजिवड्याहून घोडबंदरकडे वळले की रस्ता राज्याचा. गायमुखचा घाट ओलांडून पुढे अहमदाबाद महामार्गाला लागले की पुन्हा राष्ट्रीय. कल्याणहून मुरबाड, माळशेजमार्गे थेट तेलंगणातील निर्मलपर्यंत जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग, पण कल्याण-शीळ रस्ता एमएसआरडीसीचा. ऐरोली-काटई मार्ग आणि त्यातला पारसिक डोंगराखालचा बोगदा एमएमआरडीएचा. ठाणे-बोरिवली जुळे बोगदेही एमएमआरडीएचे. डोंबिवलीच्या निवासी विभागातले रस्ते एमआयडीसीने करायचे की महापालिकेने, हा वाद तर इतका जुना आहे की तो ऐकत लहान झालेली मुले आता स्वतः गाड्या चालवतात.

दुचाकीवरून जाणाऱ्याला अर्थातच हा फरक दिसत नाही. त्याला खड्डा दिसतो, कधी तोही दिसत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याण परिसरात खड्ड्यांमुळे पाच जणांचे जीव गेले. त्यानंतरच्या दिवसांत अधिक चर्चा झाली ती कोणता चौक कोणत्या यंत्रणेकडे आहे, याचीच.

लोकसभेच्या मतदारसंघांची आखणीही या गोंधळात भर घालते. कल्याण लोकसभा मतदारसंघात कल्याण पश्चिम येत नाही. तो भाग भिवंडीत जातो. म्हणजे कल्याणच्या पश्चिमेला राहणाऱ्याचे खासदार कल्याणचे खासदार नव्हेत. महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय भिवंडी मतदारसंघात आणि त्याच महापालिकेचे डोंबिवलीतले शास्त्रीनगर रुग्णालय कल्याण मतदारसंघात. ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय पुन्हा कल्याण मतदारसंघात. ठाणेकरांच्या करावर चालणाऱ्या रुग्णालयाबद्दल लोकसभेत बोलण्याचा पहिला मान कल्याणच्या खासदारांकडे जातो. भिवंडीचे कपिल पाटील जुलै २०२१ पासून २०२४ पर्यंत केंद्रात राज्यमंत्री होते. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, हजेरीवर सहीही करत नाहीत. त्यामुळे जवळजवळ तीन वर्षे कल्याण पश्चिमेच्या मतदाराच्या नावावर लोकसभेत एकही प्रश्न नव्हता, तोही कोणाच्या दोषाविना. आता तिथे सुरेश म्हात्रे खासदार आहेत.

त्यात आणखी एक पोकळी होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. पुढची काही वर्षे दोन्हीकडे प्रशासकांचे राज्य होते. गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार ज्या नगरसेवकाकडे न्यायची, तोच नसल्यावर ती आमदाराकडे आणि खासदाराकडे गेली. खासदाराच्या कार्यालयाने ती घेतलीही, कारण मतदार नाराज करणे कोणालाच परवडत नाही. खासदार म्हणजे मोठा नगरसेवक, ही समजूत या काळात घट्ट झाली.

पत्रीपुलाच्या वेळी काय घडले?

खासदाराचा पाठपुरावा उपयोगी पडतो का, याचे उत्तर हवे असेल तर पत्रीपुलाकडे पाहावे. कल्याणचा हा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक ठरल्यावर १८ नोव्हेंबर २०१८ रोजी पाडला गेला. नवा पूल वाहतुकीला खुला झाला २५ जानेवारी २०२१ रोजी. मधली दोन वर्षे दोन महिने कल्याणकरांनी काय सोसले, हे त्यांनाच ठाऊक. पूल रेल्वेमार्गावरचा, बांधकाम एमएसआरडीसीचे, दोन्ही बाजूंचे शहर महापालिकेचे. लांबलचक तुळई बसवण्यासाठी रेल्वेकडून वाहतूक थांबवून मिळायला हवी होती, त्यात मध्येच टाळेबंदी आली.

इथे खासदाराचे काम सभागृहात कमी आणि बैठकांत जास्त होते. रेल्वे हा पूर्णपणे केंद्राचा विषय असल्याने खासदाराचा शब्द तिथे चालतो. डॉ. शिंदे यांनी या पुलासाठी दोन यंत्रणांमध्ये हेलपाटे घातले, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही. पण मग एक प्रश्न उरतो. मुंबईत जुलै २०१८ मध्ये अंधेरीचा पूल कोसळल्यावर जुन्या पुलांची तपासणी झाली, म्हणून पत्रीपूल धोकादायक असल्याचे समोर आले. शंभरी गाठलेल्या पुलांची यादी, त्यांची शेवटची तपासणी आणि पर्यायी पुलाची योजना हा प्रश्न त्याआधीच्या चार वर्षांत लोकसभेत लेखी विचारून ठेवता आला असता. पूल पडल्यावरचा पाठपुरावा डोळ्यांत भरतो. पूल पडण्याआधीच्या प्रश्नाला मात्र टाळ्या मिळत नाहीत.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. कल्याण-शीळ रस्त्यावरचा पलावा येथील पूल ४ जुलै २०२५ रोजी खुला झाला आणि दुचाकी घसरू लागल्याने काही तासांतच बंद करावा लागला. हा पूल राज्याच्या महामंडळाचा. लोकसभेत त्याबद्दल विचारून काही हाती लागले नसते. विधानसभेत विचारायला हवे होते.

कळवा: १३ ऑगस्ट आणि डिसेंबर

आरोग्याच्या बाबतीत या पट्ट्याची सर्वांत मोठी जखम कळव्याची. १२ आणि १३ ऑगस्ट २०२३ च्या दरम्यान चोवीस तासांत छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात १८ रुग्ण दगावले. रुग्णालय पाचशे खाटांचे. रुग्ण मात्र ठाणे शहरासह शहापूर, मुरबाड आणि थेट पालघरमधून येणारे. त्याच सुमारास ठाण्याचे जिल्हा रुग्णालय नव्या नऊशे खाटांच्या इमारतीसाठी जुनी जागा सोडून दुसरीकडे हलले होते आणि कळव्यावरचा भार वाढला होता. चौकशी समिती नेमली गेली. तेव्हा मुख्यमंत्री ठाण्याचे, रुग्णालय ठाण्याचे, खासदार मुख्यमंत्र्यांचे पुत्र.

आता तारखा पाहा. त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टला संपले होते. त्याच अधिवेशनात, ८ ऑगस्टला, अविश्वास ठरावावर बोलताना डॉ. शिंदे यांनी सभागृहात हनुमान चालिसा म्हटली. ती चित्रफीत देशभर फिरली. चार-पाच दिवसांनी कळव्यातले मृत्यू. सप्टेंबरमध्ये नव्या संसद भवनात विशेष अधिवेशन झाले, पण त्यात प्रश्नोत्तरांचा तास नव्हता. पुढचे नियमित अधिवेशन ४ डिसेंबरला सुरू झाले. म्हणजे १८ मृत्यूंनंतर लोकसभेत प्रश्न विचारण्याची पहिली रीतसर संधी जवळपास चार महिन्यांनी आली. तोवर बातमी जुनी झाली होती आणि रांग तेवढीच होती.

यात एका खासदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. अधिवेशनांचे वेळापत्रक सरकार ठरवते. पण मतदाराने लक्षात ठेवावे की संसद वर्षातले फार थोडे दिवस भरते आणि आपत्ती तिचे वेळापत्रक पाहून येत नाहीत. म्हणूनच मधल्या काळात स्थायी समितीत, मंत्रालयात आणि राज्य सरकारकडे काय झाले, हे विचारणे जास्त महत्त्वाचे ठरते. त्याची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत नसते.

जमेची बाजूही सांगितली पाहिजे. अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातील ज्या दहा महाविद्यालयांचे उद्घाटन केले, त्यात ते होते. कल्याण मतदारसंघासाठी ही खरी मिळकत आहे. महाविद्यालय राज्याचे, परवानगी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची. दोन्ही दारे ठोठवावी लागतात. मात्र महाविद्यालयाची पाटी आणि रुग्णाला मिळणारा अतिदक्षता विभागातला पलंग यांत काही वर्षांचे अंतर असते. ते अंतर किती कमी होते, यावर आता डोळा ठेवायला हवा. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये दोन भीषण स्फोट झाले तेव्हा अनेक जखमींना आसपासच्या खासगी रुग्णालयांचाच आसरा घ्यावा लागला होता.

मग डॉक्टर खासदाराचा उपयोग कुठे?

कायदा करताना. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित.

लोकसभेला कल्याणचा खड्डा बुजवता येत नाही, पण खड्डा ठेवणाऱ्याला दंड होईल असा कायदा करता येतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांनुसार न करणाऱ्या यंत्रणेला, कंत्राटदाराला वा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची त्यात तरतूद आहे. रस्ता महापालिकेचा असो की एमएसआरडीसीचा, कलम लागू होते. ‘राज्याचा विषय’ हे वाक्य इथे चालत नाही. दंडाची रक्कम हास्यास्पद आहे, हे खरे. एका चौकाच्या डांबरीकरणाला त्याहून जास्त खर्च येतो. ती वाढवा, असा आग्रह कायदा होताना किंवा नंतर दुरुस्तीच्या रूपाने धरणे हे खासदाराचे खास स्वतःचे काम. त्यापुढचे काम न्यायालयाला करावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करायला सांगितले.

याच २०१९ च्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती आणि तिथे आरोग्य व रस्ते हे दोन्ही विषय एकत्र येतात. अपघातानंतरच्या पहिल्या तासात जखमीवर पैसे न मागता उपचार व्हावेत, यासाठी योजना करण्याचे बंधन कलम १६२ ने केंद्रावर टाकले. योजना कधी आली? मे २०२५ मध्ये, तीही सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यानंतर. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार, असे तिचे स्वरूप. कायदा ते योजना, मध्ये सहा वर्षे. अपघातात मोडलेली हाडे जोडण्याचे ज्याचे शिक्षण झाले आहे, त्याला पहिल्या तासाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. या सहा वर्षांत देशभरातल्या खासदारांनी या एका कलमासाठी जेवढा धोशा लावायला हवा होता, तेवढा लावलेला दिसला नाही. लावला असता तर न्यायालयावर ही वेळ आली नसती.

हजेरी, प्रश्नसंख्या आणि पुरस्कार

पीआरएस ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चांतील सहभाग आणि खासगी विधेयके यांची नोंद ठेवते. काम मोलाचे आहे. पण त्यांच्या ‘चर्चा’ या रकान्यात विधेयकावरचे वीस मिनिटांचे भाषण आणि नियम ३७७ खालचे निवेदन दोन्ही एकेक म्हणून मोजले जातात. चेन्नईची प्राइम पॉइंट फाउंडेशन २०१० पासून संसदरत्न पुरस्कार देते, तो मुख्यतः अशा आकडेवारीवर. म्हस्के यांचे नाव २०२५ च्या मानकऱ्यांत होते, डॉ. शिंदे यांनाही हा पुरस्कार मिळाला आहे. चौकाचौकांत फलक लागले. हा पुरस्कार सरकारचा नाही, हे फलकावर लिहिलेले नसते. कौतुक जरूर करावे. नियमित उपस्थिती आणि प्रश्न विचारण्याची सवय ही काही थोडी गोष्ट नव्हे. फक्त त्याला रस्त्यांच्या कामाचे प्रमाणपत्र समजू नये.

याच ठाणे मतदारसंघातून १९७७ आणि १९८० मध्ये रामभाऊ म्हाळगी निवडून गेले होते. आमदार असल्यापासून ते आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवत. त्यांच्या पक्षाशी मतभेद असणारेही या शिरस्त्याचा आदर करत. आज प्रत्येक खासदाराचा चकचकीत कार्यअहवाल निघतो. विचारलेला प्रश्न, मिळालेले उत्तर आणि त्यानंतर जमिनीवर झालेला बदल असे तीन रकाने असलेला अहवाल मात्र शोधावा लागेल. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील, याची भीती वाटते. तो रिकामा का राहिला हे लिहिले, तरी मतदार समजून घेईल.

उत्तर दिल्लीत नाही, तर कुठे?

ठाणे-कल्याणची गोष्ट इतर मतदारसंघांपेक्षा वेगळी आहे ती इथे. केंद्र म्हणते, राज्याला विचारा. राज्यात ज्यांना विचारायचे ते कोण? एमएसआरडीसी, एमएमआरडीए आणि महापालिकांवर नियंत्रण ठेवणारे नगरविकास खाते. २०१४ पासून एमएसआरडीसी, पुढे नगरविकास, मग मुख्यमंत्रिपद आणि आता उपमुख्यमंत्रिपदासह नगरविकास, असा सत्तेचा प्रवास एकनाथ शिंदे यांचा आहे. कल्याण-शीळ रस्ता, काटईचा बोगदा, दोन्ही महापालिका यांच्या किल्ल्या ज्या घरात आहेत, त्याच घरातून खासदार दिल्लीला जातात. बीड किंवा गडचिरोलीच्या खासदाराने ‘राज्य सरकार ऐकत नाही’ म्हटले तर ते पटू शकते. इथे ती सबब उपलब्ध नाही. या पट्ट्यात निधी आला, उड्डाणपूल, बोगदे, मेट्रोची कामे निघाली, हे त्याचेच फळ. कामे रेंगाळतात, पूल उघडून बंद होतात, एकाच रस्त्यावर तीन यंत्रणा एकमेकींची खोदाई पाहत बसतात, हेही त्याच खात्यांखाली घडते.

म्हणून पुढच्या अधिवेशनात चित्रफीत आली की वाचकांनी एक छोटे काम करून पाहावे. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने प्रश्न शोधता येतात आणि प्रत्येकाचे उत्तर इंग्रजी व हिंदीत उतरवून घेता येते. मोबाइलवरही ते उघडते. प्रश्न कोणत्या मंत्रालयाला विचारला, त्यात आपल्या भागाचे नाव आहे का आणि उत्तरात तारीख किंवा रक्कम आली का, एवढे पाहिले तरी पुरे. ‘राज्याचा विषय’ असे उत्तर आले असेल तर तोच प्रश्न आपल्या आमदारांनी विधानसभेत विचारला का, हे पुढचे पाऊल.

आमच्या बाजूने एक प्रश्न सुचवून ठेवतो, अतारांकित असला तरी चालेल. अपघातग्रस्तांच्या रोकडविरहित उपचार योजनेत ठाणे जिल्ह्यातील किती आणि कोणती रुग्णालये नोंदवली गेली आहेत? मे २०२५ पासून त्यांत किती जखमींवर उपचार झाले, किती जणांना परत पाठवले आणि शीळफाटा, घोडबंदर व नाशिक महामार्गावरून जखमीला त्यांतल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात पोहोचायला सरासरी किती मिनिटे लागतात?